दोन पाळ्यांचं पान

कांचनाच्या झाडाखाली उभे राहिलात तर आधी वर बघू नका, खाली बघा. वरची फुलं डोळ्यांत भरतात आणि त्यांच्या रंगावरून आपण नाव ठरवून मोकळे होतो. फुलझाडं ओळखताना सर्वांत जास्त घोटाळे रंगावर विसंबल्यामुळे होतात, आणि कांचनाच्या बाबतीत तर हमखास होतात. जांभळट गुलाबी फुलांचे तीन निरनिराळे कांचन आपल्या शहरांतल्या रस्त्यांच्या कडेला, सोसायट्यांच्या आवारात आणि बागांमध्ये उभे आहेत. पांढऱ्या फुलांचे दोन आहेत. रोपवाटिकेत मात्र गुलाबी तिघांनाही बहुधा एकच नाव मिळतं: रक्तकांचन. त्यामुळे नावाची पाटी वाचून उपयोग नाही. झाडच वाचायला हवं.

म्हणून झाडाखालचं एक पान उचला. टोकाला मधोमध खाच आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन गोलसर पाळ्या. खाचेच्या अगदी तळाशी बघितलंत तर मधल्या शिरेचं टोक केसासारखं बारीक होऊन बाहेर आलेलं दिसेल. कोवळ्या पानात ते स्पष्ट असतं, जून पानात बऱ्याचदा मोडून गेलेलं असतं. आता पान उजेडासमोर धरा. देठ जिथे पात्याला मिळतो त्या एकाच ठिकाणाहून नऊ, अकरा, कधी त्याहूनही जास्त शिरा निघून काठाकडे पसरत जातात. आंब्याच्या किंवा जांभळाच्या पानात मधली शीर मुख्य असते आणि बाकीच्या तिला दोन्ही बाजूंनी फुटतात. इथे तसं नाही. मग देठ बघा. फांदीपाशी आणि पात्यापाशी, दोन्ही टोकांना तो किंचित फुगलेला असतो. या फुगीर भागांतल्या पेशींमधला पाण्याचा दाब कमीजास्त होतो आणि त्या जोरावर पान हलतं. संध्याकाळी उजेड उतरला की दोन्ही पाळ्या मधल्या शिरेवर, पुस्तक मिटावं तशा, एकमेकींजवळ येतात. सकाळी पुन्हा उघडतात. जेवण झाल्यावर शतपावलीला निघालात तर एखाद्या कांचनावर टॉर्चचा उजेड टाकून बघा. दिवसा पाहिलेलं झाड ते हेच का, असा प्रश्न पडेल.

चिंच, बहावा, गुलमोहर, पळस ही सगळी शेंगावर्गातली झाडं. त्यांची पानं संयुक्त, म्हणजे एका पानात अनेक पर्णिका. कांचनही शेंगावर्गातलाच, पण त्याचं पान अखंड दिसतं. त्याची घडण पाहून वनस्पतिशास्त्रज्ञांनी लावलेला एक अर्थ असा, की मुळात पर्णिका दोन होत्या आणि त्या जुळून हे एक पातं झालं. कांचनाच्या गोतावळ्यात अशाही काही जाती आहेत ज्यांच्या दोन पर्णिका आजही पूर्ण सुट्या आहेत. त्या पाहिल्या की हा अर्थ पटायला सोपा जातो.

या पानावरूनच या कुळाला शास्त्रीय नाव मिळालं, बाउहिनिया. बाझेल शहरात जन्मलेले दोन भाऊ सोळाव्या आणि सतराव्या शतकांत वनस्पतींच्या अभ्यासात नावाजले: योहान बाउहिन (1541–1613) आणि गास्पार बाउहिन (1560–1624). धाकट्याने 1623 साली प्रसिद्ध केलेल्या ‘पिनाक्स’ या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींच्या, तोवरच्या लेखकांनी दिलेल्या नावांची संगती लावली. थोरल्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी छापला गेला. एकाच देठावरच्या दोन जुळ्या पाळ्या म्हणजे हे दोघे भाऊ, असं लिनिअसने या नावाचं समर्थन केलं आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांमध्ये माणसांची नावं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच नावांचा त्या झाडाशी काडीचाही संबंध नसतो. इथे मात्र नाव पानावर लिहिलेलं आहे.

दोन पाळ्या दिसल्या म्हणजे झाड कांचनाच्या गोतावळ्यातलं, एवढं निश्चित. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीचं पानही टोकाला खाच असलेलं असतं, पण ती जमिनीवर सरपटणारी वेल आहे आणि तिचं पान तोडलं की चीक येतो. झाडांच्या बाबतीत असा गोंधळ सहसा होत नाही. खरा गोंधळ होतो तो गोतावळ्याच्या आत, आणि तो सगळ्यात मोठ्या प्रमाणावर वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी होतो.

तो दिवस दसऱ्याचा. रघुराजाने कौत्सासाठी कुबेराकडून सुवर्णमुद्रा मिळवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेतल्या सोन्याचा मान आपल्याकडे आपट्याच्या पानाला आहे. बाजारात मात्र आपट्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ढिगांत कांचनाच्या फांद्या सर्रास असतात. शहरातल्या माणसाने आपट्याचं झाड पाहिलेलं नसतं, पानाला दोन पाळ्या दिसल्या की त्याचं समाधान होतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर फरक लहान मुलालाही कळेल. आपट्याचं पान लहान, साधारण तीन ते पाच सेंटिमीटर, आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. जाड, चिवट, हाताला चामड्यासारखं लागणारं, खालच्या बाजूने करडट. कांचनाचं पान त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं, तळहात झाकेल एवढं, पातळ आणि चटकन मलूल होणारं.

झाडाच्या ठेवणीतही मेळ नाही. आपटा बुटका, वाकड्यातिकड्या खोडाचा, काळपट आणि भेगाळलेल्या सालीचा, खाली झुकलेल्या फांद्यांचा. कोरड्या डोंगरउतारावर, माळावर तो तग धरतो. त्याची फुलं उन्हाळ्यात येतात, फिकट पिवळसर, अरुंद पाकळ्यांची, इतकी लहान की झाड फुलावर आहे हे जवळ गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. सालीचा वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात. शोभेचं झाड म्हणून आपटा कुणी लावत नाही. दसऱ्याच्या दिवसांत आपट्याच्या फांदीवर गडद रंगाच्या, किंचित वाकलेल्या, न तडकणाऱ्या शेंगा असू शकतात. त्याच दिवसांत विकायला आलेल्या फांदीवर बोटभर लांबीच्या फुगीर कळ्या किंवा गुलाबी फुलं दिसली, तर तो आपटा नव्हे. तो गुलाबी तिघांपैकी एक, देवकांचन, आणि त्याचा बहर नुकताच सुरू होत होता. सोनं म्हणून एक पान द्यायचं आणि त्यासाठी फुलावर आलेल्या झाडाच्या फांद्या ओरबाडायच्या, हे मला फार लागतं. ज्याला कांचन आणि आपटा यांतला भेद कळतो, त्याच्या हातून निदान अजाणतेपणी तरी हे होणार नाही.

आता फुलांकडे. पानाने कुळ कळलं, जात फुलातच शोधावी लागते. आणि फुलात रंग सोडून पुंकेसर मोजायचे.

माघ-फाल्गुनात जो कांचन फुलतो त्याच्यापासून सुरुवात करू. हिवाळ्याच्या अखेरीस त्याची बरीचशी पानं गळून जातात आणि जवळजवळ उघड्या फांद्यांवर फुलं येतात, त्यामुळे लांबूनही झाड नजरेत भरतं. उत्तर भारतात याला कचनार म्हणतात आणि त्याच्या कळ्यांची भाजी करतात. आयुर्वेदातल्या कांचनार गुग्गुळासाठी याचीच साल वापरतात. खाली पडलेलं ताजं फूल घ्या. बाहेरचं हिरवट आवरण एका बाजूने चिरलेलं असतं आणि अखंड तुकडा मागे वळलेला असतो. पाकळ्या पाच, रुंद, कडा एकमेकींवर चढलेल्या. फूल भरगच्च दिसतं ते यामुळे. चार पाकळ्या साधारण सारख्या, पाचवी वेगळी. तिच्यावर मधोमध गडद किरमिजी रंगाचे पट्टे आणि रेघांचं जाळं असतं. मधासाठी आलेल्या कीटकाला वाट दाखवणाऱ्या या खुणा. फुलाच्या मध्यातून वर वळलेले पुंकेसर मोजा: पाच. त्यांच्यामध्ये एक हिरवट, वाकलेला, जरा जाड तंतू दिसतो, तो स्त्रीकेसर. त्याला पुंकेसरांत धरू नका. त्याच्या टोकाला परागकोष नसतो आणि बुडाशी लहानशी शेंग आधीच आकार घेत असते.

पाचच का? या कुळातल्या फुलांत पुंकेसरांची मूळ संख्या दहा, पाचांची दोन वर्तुळं. आपट्यात दहाही कामाचे असतात. वसंतातल्या कांचनात एक वर्तुळ टिकलं, दुसरं खुंटलं. देवकांचनात घट आणखी पुढे गेली आहे: तिथे बहुधा तीनच पुंकेसर पूर्ण वाढतात, लांब आणि परागकोष असलेले. बाकीचे बारीक वांझ तंतू होऊन बुडाशी राहतात, शोधले तर सापडतात. म्हणजे ही मोजदाद वरवरच्या खुणेवर उभी नाही, फुलाच्या घडणीवर उभी आहे. माती, खत, पाऊस, झाडाचं वय यांमुळे फुलाचा रंग फिका-गडद होईल, पण सहसा पाचाचे तीन होणार नाहीत. एखाद्या फुलात कमीजास्त निघालं तर आणखी चार-पाच फुलं मोजून बघावीत.

देवकांचनाचं फूल हातात घेतलं की बाकीचे भेदही लगेच जाणवतात. पाकळ्या अरुंद, बुडाशी निमुळत्या, एकमेकींपासून सुट्या. मधल्या फटींतून पलीकडचं दिसतं. बाहेरचं आवरण सहसा दोन तुकड्यांत फाटून मागे वळतं. कळीवर उभे कंगोरे असतात, वसंतातल्या कांचनाची कळी गुळगुळीत असते. फूल उमलण्याआधीच निकाल लावायचा असेल तर कळीवरून अंगठा फिरवून बघावा. आणि महिना: देवकांचन पावसाळा सरता सरता फुलू लागतो आणि दिवाळीच्या आसपास त्याचा बहर ऐन भरात असतो. तेव्हा झाडावर पानं भरपूर असतात, त्यामुळे फुलं हिरव्या गर्दीतून डोकावतात. हलका सुगंधही असतो. दोन झाडांच्या बहरांत काही महिन्यांचं अंतर आहे, आणि तरीही दोघांना एकच समजणारे लोक मला सतत भेटतात. वर्षातून दोनदा फुलणारं एकच झाड, अशी त्यांची समजूत असते.

पानांवरून या दोघांना वेगळं करता येईल का? काही पुस्तकांत खाचेच्या खोलीची खूण दिलेली असते: देवकांचनाची खाच जास्त खोल, पान थोडं लांबट, पाळ्या जरा टोकदार, वसंतातल्या कांचनाची खाच उथळ, पान रुंद, पाळ्या गोल. ढोबळ मानाने हे खरं आहे. पण एकाच फांदीवरची दहा पानं मापून बघितली तर खाच कुठे पानाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कुठे निम्म्याजवळ अशी सापडते, आणि दोन्ही झाडांची मापं एकमेकांत मिसळतात. केवळ पानावर या दोघांचा निवाडा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पांढऱ्या फुलांचा कांचन दिसला तर आधी त्याची उंची बघा. वसंतातल्या कांचनाचा एक पांढरा प्रकार आहे. झाड तसंच मोठं, पाकळ्या तशाच रुंद, वेगळ्या पाचव्या पाकळीवर किरमिजीऐवजी पिवळसर हिरवी झाक, पुंकेसर पाच. दुसरा पांढरा कांचन मुळात झुडूप आहे, माणसाच्या उंचीहून थोडा वर जाणारा. त्याच्या पानांच्या पाळ्या टोकाला निमुळत्या होतात, फुलं स्वच्छ पांढरी आणि पुंकेसर दहा. लहान बागेत, कुंपणापाशी लावायला हे झुडूप फार चांगलं, आणि उन्हाळ्यापासून पुढे पावसाळ्यातही ते फुलत राहतं. पिवळा कांचनही झुडूपच. त्याची फुलं पूर्ण उघडतच नाहीत, घंटेच्या आकाराची खाली झुकलेली राहतात. आत डोकावलं तर एका पाकळीच्या बुडाशी बहुधा गडद तपकिरी-किरमिजी डाग असतो, आणि फूल जुनं झालं की पिवळा रंग जांभळटाकडे झुकतो. हे फूल एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी घोटाळा होण्याचं कारण राहत नाही.

तिसरा गुलाबी कांचन मात्र चांगलाच चकवतो. शोभेची झाडं लावण्याची आवड वाढली तसा तो आपल्याकडच्या बागांमध्येही रुजला. फुलं दोघांहून मोठी, दहा ते पंधरा सेंटिमीटर, रंग गडद किरमिजी-जांभळा, आणि हिवाळाभर बहर. पाकळ्या रुंद, पुंकेसर बहुधा पाच. म्हणजे पुंकेसरांवरून वसंतातला कांचन म्हणावा, तर फुलांच्या वेळी झाडावर पानं भरपूर. आणि पुढे कितीही महिने वाट बघितली तरी त्याला शेंग धरत नाही.

त्याची हकिगत हाँगकाँगची आहे. 1880 च्या सुमारास हाँगकाँग बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोक फू लामजवळ, एका पडक्या घराच्या अवशेषांपाशी एका फ्रेंच मिशनऱ्याला असं एक झाड आढळलं. त्याच्या फांद्यांवरून रोपं वाढवली गेली आणि पुढे ती वनस्पती उद्यानात पोहोचली. 1908 साली स्टीफन ट्रॉइट डन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि हाँगकाँगचे माजी गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांच्यावरून त्याला ब्लेकियाना हे नाव दिलं. 1965 मध्ये ते हाँगकाँगचं प्रतीकपुष्प झालं. 1997 पासून ते तिथल्या ध्वजावर आहे, लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात, जरी खरं फूल पांढरं नसतं. हे झाड म्हणजे आपल्या याच दोन कांचनांचा, वसंतात फुलणाऱ्याचा आणि देवकांचनाचा, संकर आहे. शास्त्रज्ञांना हे आधीपासून वाटत होतं आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याला दुजोरा मिळाला. संकर वांझ आहे, त्यामुळे बी नाही. जगात जिथे कुठे हे झाड आहे तिथे ते गुटी, छाट किंवा कलम करून वाढवलेलं आहे, म्हणजे त्या एका मूळ झाडाचाच तुकडा आहे.

हे कळल्यावर शेंगेची खूण किती मोलाची आहे हे ध्यानात येतं. दोन्ही जातिवंत कांचनांना बहर ओसरल्यावर चपट्या, वीतभर लांब, पट्टीसारख्या शेंगा लागतात. आधी हिरव्या, मग तपकिरी आणि लाकडासारख्या टणक. ऊन चढलं की त्या फटकन तडकतात. दोन्ही फाकी वाळताना उलटसुलट पिळल्या जातात, ताण वाढत जातो आणि शेवटी शिवण सुटून बिया दूर भिरकावल्या जातात. झाडाखाली पीळ पडलेल्या रिकाम्या फाकी पडलेल्या असतात, त्यामुळे फुलं संपून महिने उलटले तरी एवढं सांगता येतं की हा संकर नव्हे. फुलांचा हंगाम सरूनही एकही शेंग नसेल, ना फांदीवर ना खाली, तर हाँगकाँगच्या कांचनाचा संशय धरावा. झाड अगदी तरुण असेल तर मात्र थांबावं, कारण सुरुवातीची काही वर्षं जातिवंत झाडालाही शेंगा धरतीलच असं नाही.

रोप विकत घेताना फूल नसतं, शेंगही नसते, आणि पान पुरेसं बोलत नाही. तेव्हा खोडाचा बुंधा तपासा. जमिनीपासून थोड्या उंचीवर कलमाचा सांधा, म्हणजे सालीतली तिरपी गाठ किंवा रंगातला फरक दिसला, तर संकराची शक्यता मोठी. सरळ बियांपासून वाढलेलं रोप असेल तर तो संकर असूच शकत नाही. गुटीच्या किंवा छाटाच्या रोपाला सांधा नसतो, म्हणून रोप कशापासून केलं हे माळ्याला विचारून घ्यावं.

कलमी झाडाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. संकराचं कलम पुष्कळदा वसंतात फुलणाऱ्या कांचनाच्या खुंटावर बांधतात. सांध्याच्या खालून फुटलेला धुमारा वेळीच काढला नाही तर तो वाढतो, त्याची फांदी होते आणि ती आपल्या मूळ जातीची फुलं देते. मग हिवाळ्यात गडद फुलं येणाऱ्या झाडाच्या एका बाजूला फाल्गुनात फिकट गुलाबी फुलं दिसतात, आणि पुढे त्या एकाच बाजूला शेंगा धरतात. असं झाड दिसलं तर चक्रावून न जाता ती फांदी बोटाने माग काढत बुंध्यापर्यंत न्यावी. ती सांध्याच्या खालून निघालेली सापडेल.